औषधाच्या दुष्परिणामांचा जमाखर्च

तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम आटोपून बेलवडीच्या रिंगणाकडे गेली, त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमचे गुरुजी घरी आले. प्राथमिक शाळेत ज्यांनी मला पाढे शिकविले आणि चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास लावले, ते हे गुरुजी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसविण्यात आली आहे. त्यांनी पिशवीतून तीन वस्तू काढून मेजावर मांडल्या : रक्ततपासणीचा अहवाल, न फोडलेल्या गोळ्यांचे एक पाकीट आणि पुण्याहून मुलाने आणलेला, कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या एका नव्या इंजेक्शनाची माहिती देणारा छापील कागद.

"पायात गोळे येतात म्हणून ही गोळी मी चार महिन्यांपासून बंद केली आहे," गुरुजी म्हणाले. "मुलगा म्हणतो, इंजेक्शन घ्या, त्याला दुष्परिणामच नाहीत. शेजारी म्हणतात, त्याने यकृत जाते. तू अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग दोघांपैकी कोणाचे खरे, याचा हिशेब मला मांडून दाखव."

कोणते औषध घ्यावे आणि कोणते सोडावे, हे सांगण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या अध्यापकाला नाही. तो डॉक्टरांचा विषय आहे आणि तो त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. परंतु गुरुजींचा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हता. 'दुष्परिणाम मुळीच नाहीत' हे एक टोक आणि 'यकृत जाते' हे दुसरे टोक. दोन्ही विधाने तितक्याच आत्मविश्वासाने केली जातात, आणि दोन्हींत आकडा मात्र नसतो. ज्याची मोजणी झालेली नाही तो दुष्परिणाम म्हणजे अफवा, आणि ज्याची मोजणी झालेली नाही ते आश्वासन म्हणजे जाहिरात. या दोहोंच्या मध्ये सापडलेला रुग्ण अखेरीस जवळची गोष्ट करतो : तो चालू असलेले औषध कोणाला न विचारता बंद करतो.

गोळीपासून सुईपर्यंत

गुरुजींनी बंद केलेली गोळी स्टॅटिन या वर्गातील होती. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० नंतरच्या दशकात बुरशीपासून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या पहिल्या गोळीला मान्यता मिळाली. हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी या गोळ्यांचा उपयोग किती, हे त्यानंतरच्या दशकांत मोठमोठ्या पाहण्यांनी सिद्ध केले. त्यांना दुष्परिणाम नाहीत असे कोणी म्हणत नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी तर स्नायूंचा नाश होऊन झालेल्या मृत्यूंमुळे २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावी लागली.

इंजेक्शनांची कथा यानंतरची आहे. आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आत ओढून घेणारी जणू दारे असतात. पीसीएसके-नाइन नावाचे एक प्रथिन ही दारे मोडीत काढते. दारे कमी झाली की एलडीएल रक्तातच साचून राहते. २००३ मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर कार्यक्षम असल्याचे आढळले. त्या कुटुंबांत कोलेस्टेरॉल जन्मतःच वाढलेले होते. २००६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्ज यांनी याच्या उलट चित्र पुढे आणले. ज्या कृष्णवर्णीय व्यक्तींत हे प्रथिन जन्मतःच निकामी होते, त्यांचे एलडीएल सरासरीने २८ टक्के कमी होते आणि त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण मात्र तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होते. निसर्गानेच केलेला हा प्रयोग पाहून औषध कंपन्या कामाला लागल्या. हे प्रथिन अडवून धरणारी अ‍ॅलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही दोन इंजेक्शने २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती सामान्यतः दोन किंवा चार आठवड्यांनी कातडीखाली घ्यावी लागतात. त्यानंतर आलेले इन्क्लिसिरान हे प्रथिन यकृतात तयारच होऊ देत नाही. ते पहिल्या दोन मात्रांनंतर दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे असते. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि आता ते भारतातही उपलब्ध आहे. गुरुजींच्या हातातील कागद याच इंजेक्शनाविषयी होता.

शंभरांत किती, आणि कशाच्या तुलनेत?

दुष्परिणामांच्या हिशेबात पहिला प्रश्न 'शंभरांत किती?' हा, आणि दुसरा त्याहून महत्त्वाचा प्रश्न 'कशाच्या तुलनेत?' हा. इव्होलोक्युमॅबची मोठी पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २७,५६४ रुग्ण होते. अर्ध्यांना खरे इंजेक्शन आणि अर्ध्यांना औषध नसलेले नुसते द्रावण टोचण्यात आले, आणि कोणाला काय टोचले हे ना रुग्णाला ठाऊक होते, ना डॉक्टरला. सव्वादोन वर्षांच्या सुमारास हिशेब मांडला तेव्हा खरे इंजेक्शन घेणाऱ्या शंभरांतील ७७ जणांनी कोणती ना कोणती तक्रार केली होती. हा आकडा एकटा वाचला तर कोणाचीही छाती दडपेल. परंतु नुसते द्रावण घेणाऱ्या शंभरांतही ७७ जणांचीच तक्रार होती! माणूस साठीच्या घरात आला आणि दोन वर्षे त्याला कोणी नियमाने 'काही त्रास?' असे विचारीत राहिले, तर त्याला सांगण्यासारखे काहीतरी असतेच. म्हणूनच दुष्परिणाम म्हणजे नुसती तक्रार नव्हे. औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत औषध घेणाऱ्यांत जी तक्रार अधिक आढळते, तोच खरा दुष्परिणाम.

या कसोटीवर काय उरले? सुई टोचली त्या जागी लाली, दुखणे किंवा सूज शंभरांत २.१ जणांना आली, तर द्रावण घेणाऱ्यांत १.६ जणांना. स्नायूंच्या तक्रारी ५.० आणि ४.८, विस्मरण किंवा गोंधळ १.६ आणि १.५, मोतिबिंदू १.७ आणि १.८. कोलेस्टेरॉल फार उतरले तर मेंदूवर परिणाम होईल, या शंकेसाठी याच पाहणीतील रुग्णांची स्मरणशक्तीची स्वतंत्र परीक्षा घेण्यात आली. तीतही दोन गटांत फरक दिसला नाही. इन्क्लिसिरानच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत सुईच्या जागेची तक्रार शंभरांत २.६ आणि ४.७ होती, तुलनेच्या गटांत ती एकाहूनही कमी होती. क्वचित अंगावर पित्त उठणे, चेहरा किंवा ओठ सुजणे अशी गंभीर प्रतिक्रिया या इंजेक्शनांनी येऊ शकते, आणि तसे झाल्यास तात्काळ डॉक्टरांकडे गेले पाहिजे. तात्पर्य, 'यकृत जाते' या शेजाऱ्यांच्या भयाला या पाहण्यांत आधार नाही. 'दुष्परिणामच नाहीत' या मुलाच्या आश्वासनालाही नाही.

जमेची बाजूही याच काटेकोरपणाने वाचली पाहिजे. २०१७ च्या त्या पाहणीत एलडीएल ५९ टक्क्यांनी उतरले. हृदयविकार, पक्षाघात इत्यादी मोठ्या घटनांचे प्रमाण शंभरांत ११.३ वरून ९.८ वर आले. जाहिरातदार याला 'पंधरा टक्के घट' म्हणेल, आणि ते खोटे नाही. सामान्य माणसाच्या भाषेत ती शंभरांमागे दीड माणसाची घट आहे, आणि तेही खोटे नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र त्या अवधीत कमी झालेले दिसले नाहीत. लाभ खरा आहे. परंतु तो ज्याचा धोका मोठा त्याला मोठा आणि ज्याचा धोका लहान त्याला लहान आहे.

आता गुरुजींच्या पायातील गोळ्यांकडे वळू. लंडनमध्ये स्टॅटिनच्या त्रासामुळे ती सोडून दिलेल्या साठ रुग्णांवर एक विलक्षण प्रयोग झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या : चार महिन्यांसाठी स्टॅटिन, चार महिन्यांसाठी हुबेहूब तशीच पण औषधहीन गोळी आणि चार महिन्यांसाठी रिकामी बाटली. त्रासाला रोज गुण द्यावयाचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे गुण सरासरी ८ पडले, औषधहीन गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळीमुळे वाढलेल्या त्रासापैकी सुमारे नव्वद टक्के वाटा गोळीतील औषधाचा नव्हता, तर गोळी घेतल्याच्या जाणिवेचा होता. हा त्रास ढोंगी असतो असे मात्र कोणी समजू नये. पाय खरोखरच दुखत असतात. आपला स्वतःचा हिशेब डोळ्यांसमोर आल्यावर त्या साठांतील निम्म्या रुग्णांनी गोळी पुन्हा सुरू केली, ही गोष्ट मला सर्वांत आशादायक वाटते. त्यांची समजूत उपदेशाने पटली नाही. ती त्यांच्याच नोंदवहीने पटविली.

सगळ्या सुया सारख्या नव्हेत

असे असले तरी 'इंजेक्शनाचा त्रास नसतो' असा सरसकट निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. मिपोमर्सन हे इंजेक्शन आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीच्या अत्यंत तीव्र प्रकारासाठी अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले. त्याच्या पाहणीत सुईच्या जागेची तक्रार शंभरांत ८४ जणांची होती आणि यकृताला इजा होण्याचा ठळक इशारा त्याच्यावर छापावा लागला. युरोपने त्याला मान्यताच नाकारली, आणि २०१९ मध्ये ते बाजारातून नाहीसे झाले. शेजाऱ्यांच्या मनातील यकृताच्या भीतीचे मूळ अशा एखाद्या जुन्या औषधाच्या बातमीत असू शकेल. बोकोसिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनाची पाहणी सत्तावीस हजारांवर रुग्णांवर चालू असता कंपनीने २०१६ मध्ये आपण होऊन थांबविली. अनेकांच्या शरीराने त्या औषधाविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार केली, औषधाचा गुण ओसरू लागला, आणि सुईच्या जागेची तक्रार वर्षाला शंभरांमागे दहांवर गेली. दोन्ही प्रकरणी रुग्णांचे पुढचे नुकसान टळले, कारण प्रत्येक तक्रार कागदावर उतरत होती.

सहा महिन्यांनी एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनाची सोय हीच त्याची एक मर्यादाही आहे. गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते. एकदा टोचलेले इन्क्लिसिरान मात्र परत काढून घेता येत नाही. त्याचा परिणाम कित्येक महिने शरीरात चालू राहतो. शिवाय ते मान्य झाले तेव्हा त्याने कोलेस्टेरॉल उतरते हे सिद्ध झाले होते, हृदयविकाराचे झटके किती टळतात याच्या मोठ्या पाहण्या पूर्ण झालेल्या नव्हत्या. उलट इव्होलोक्युमॅबच्या काही रुग्णांचा आठ वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात नवा दुष्परिणाम आढळला नाही. 'नवे' आणि 'अधिक चांगले' हे दोन शब्द समानार्थी नाहीत, एवढे जरी वाचकाने ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.

खिशावर होणारा परिणाम

एक दुष्परिणाम औषधाच्या माहितीपत्रकात कधीच छापला जात नाही : घराच्या अंदाजपत्रकावर होणारा. औषधविक्रेत्याने सांगितलेला वर्षाचा आकडा गुरुजींच्या कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. याउलट अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली तिच्या दराला मर्यादा आहे, आणि जनौषधी केंद्रांत ती आणखी स्वस्तात मिळते. अर्थशास्त्रात ज्याला आपण संधिखर्च म्हणतो तो येथे लागू होतो. एका सुईवर खर्च झालेला रुपया रक्तदाबाच्या गोळीवर, रक्ततपासणीवर, नातवाच्या शुल्कावर खर्च होत नाही. किंमत हा काही निसर्गनियमही नव्हे. अमेरिकेत विमा कंपन्या आणि रुग्ण मागे सरकले तेव्हा इव्होलोक्युमॅबच्या कंपनीने २०१८ मध्ये वर्षाची छापील किंमत सुमारे १४,००० डॉलरवरून ५,८५० डॉलरवर आणली. औषध तेच होते. उत्पादनाची क्रियाही तीच होती.

याचा अर्थ ही इंजेक्शने श्रीमंतांची चैन आहे असा नव्हे. जन्मतःच कोलेस्टेरॉल वाढलेले असणारी माणसे जगात अडीचशे-तीनशेंमागे एक या प्रमाणात आहेत, आणि त्यांतील काहींना तिशी-चाळिशीतच झटका येतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अतिशय धोका असलेल्या रुग्णांचे एलडीएल ५५ च्या खाली असावे असे म्हटले आहे. गोळ्यांची पूर्ण मात्रा घेऊनही जे तेथवर पोचत नाहीत, किंवा ज्यांना कोणतीच स्टॅटिन खरोखर सोसत नाही, त्यांच्यासाठी ही सुई वरदान ठरू शकते. आक्षेप आहे तो क्रमाला : स्वस्त आणि पारखलेली गोळी नीट न अजमावता महाग सुईकडे धाव घेण्याला. आपल्या भागात 'सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही' ही समजूत फार जुनी आहे. तिचा लाभ उद्या कोणी घेऊ नये.

हजेरी कोण मांडणार?

थॅलिडोमाइडने हजारो अर्भके जन्मतः अपंग केल्यावर १९६१ मध्ये जग जागे झाले आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांची आंतरराष्ट्रीय नोंद सुरू केली. महाराष्ट्राला हा धडा १९८६ मध्ये फार कठोरपणे मिळाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या व्यवस्थेचे वाभाडे काढले. तो भेसळीचा प्रकार होता, दुष्परिणामाचा नव्हे. परंतु एका छताखाली घडल्यामुळेच त्या मृत्यूंची सांगड घालता आली. तेच रुग्ण चौदा गावांत विखुरलेले असते, तर प्रत्येक घराने आपल्या नशिबाला बोल लावला असता.

विखुरलेल्या घटनांची सांगड घालण्यासाठीच भारतात २०१० मध्ये औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. डॉक्टरांप्रमाणेच रुग्णही आपली तक्रार तेथे कळवू शकतो. त्यासाठीचा नमुना मराठीतही उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मी माझ्या वर्गात विचारले. एकही हात वर झाला नाही. मलाही गुरुजी येईपर्यंत ते ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

ज्या पाहण्यांचे आकडे वर दिले त्या प्रामुख्याने निवडक रुग्णांवर, काटेकोर देखरेखीखाली झालेल्या आहेत. उसाला पाणी देऊन उन्हातून आलेला, मधुमेहाची, रक्तदाबाची आणि सांधेदुखीची औषधे एकत्र घेणारा, ज्याच्या गावी वीज जाते आणि ज्याच्या शीतकपाटात दोन ते आठ अंशांत ठेवावयाचे इंजेक्शन कोमट होण्याची शक्यता असते, असा रुग्ण त्यांत सहसा नसतो. त्याला काय होते, हे त्यानेच किंवा त्याच्या घरच्यांनी कळविल्यावाचून कोणाला कळणार नाही. दिनांक, औषधाचे नाव, मात्रा, त्रास केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला, एवढेच लिहावयाचे असते. ज्या गावात शिक्षक आहेत, कारकून आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, तेथे एवढे लिहून देणारा माणूस मिळू नये ही गोष्ट शोभणारी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राने हे मराठी नमुने दर्शनी जागी ठेवावेत आणि औषधविक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला त्यांची माहिती द्यावी. याला फारसा खर्च येत नाही.

गुरुजींना मी एवढेच सांगितले : "शेजाऱ्यांचे खरे नाही आणि मुलाचेही पुरते खरे नाही. चार महिने गोळी बंद आहे, हे मात्र आपण डॉक्टरांना सांगितलेले नाही, आणि या साऱ्या हिशेबातला सर्वांत मोठा धोका तोच आहे." ते थोडे वरमले. दुसऱ्याच दिवशी ते बारामतीला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी स्नायूंची आणि थायरॉइडची तपासणी करविली, गोळी बदलून कमी मात्रेची दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा एलडीएल पाहण्यास सांगितले. इंजेक्शनाचा विचार त्यानंतर.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकटीत बारीक अक्षरांत काही लिहिलेले दिसले. गोळी घेतली त्या दिवशी 'ह', पाय दुखला त्या दिवशी एक टिंब. पाय अजून दुखतो, पण टिंबे विरळ झाली आहेत. "पस्तीस वर्षे पोरांची हजेरी घेतली," गुरुजी म्हणाले, "आता दुखण्याची घेतो आहे. डॉक्टरला सांगताना 'फार दुखतं' असं म्हणायला नको; 'महिन्यात सहा दिवस' असं सांगता येतं."